ब्राझीलच्या चित्रपटाबद्दल कर्जतचं मत

कर्जतच्या आमच्या चित्रपट मंडळाकडे स्वतःचा पडदा नव्हता. शाळेच्या सभागृहातली एक भिंत दरवर्षी चुना मारून पांढरी ठेवलेली असे, चित्रपट तिच्यावरच दाखवत. प्रोजेक्टर भिवपुरीच्या वसाहतीतल्या क्लबाचा होता. तो आणायचा, चालवायचा आणि परत पोचवायचा, हे काम मंडळाचे चिटणीस करत. ते तिथल्याच वीजघरात नोकरीला होते. चित्रपटाचे डबे मुंबईहून येत. निवडीला वाव नव्हता, जे मिळेल ते घ्यायचं. हंगेरीचा आला, पोलंडचा आला, एकदा जपानचा आला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका मार्च महिन्यात ब्राझीलचा आला.

मी तेव्हा एका दैनिकाचा कर्जतचा वार्ताहर होतो. मंडळाच्या प्रत्येक खेळाची बातमी देत असे, दहा-बारा ओळींची. चित्रपट कुणी पाहिलेला नसे आणि पुढे पाहायलाही मिळणार नसे, तरी ती बातमी वाचली जाई, कारण तिच्यात गावातल्या माणसांची मतं असत.

मतं गोळा करणं मला सोपं होतं. खेळ संपल्यावर दिवे लागत आणि रांगेनं प्रत्येकाला उभं राहून चित्रपटाबद्दल बोलावं लागे. "मत नाही तर चहा नाही," असं चिटणीस म्हणत आणि ते पाळतही. रेल्वेतला एक गार्ड दर वेळी "फोटोग्राफी चांगली" एवढंच बोलून कप उचलायचा. त्यालाही चालवून घेत.

दुसरी रीत खालच्या अक्षरांची. परदेशी चित्रपटाच्या तळाशी इंग्रजी अक्षरं येतात. निम्म्या सभासदांना इंग्रजी येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं त्यांना त्या वेगानं वाचणं जमत नव्हतं. म्हणून शाळेतल्या इंग्रजीच्या बाई भिंतीच्या कडेला टेबल टाकून माइकवर बसत आणि अक्षरं येतील तशी मराठीत सांगत. चोर, राजा, म्हातारी, मूल, सगळ्यांचं बोलणं त्यांच्याच आवाजात येई. आवाज चढत नसे, उतरत नसे. प्रेमाची वाक्यंही त्या हजेरी घेतल्यासारखी सांगत. कदाचित म्हणूनच ती ऐकून घेता येत.

बाई शेलूहून येत. घरी आई आणि कॉलेजात शिकणारा भाऊ, मिळवणाऱ्या त्या एकट्या. शाळेत त्या हंगामी होत्या. एप्रिलअखेर नोकरी संपायची, जूनमध्ये पुन्हा आदेश निघायचा. त्या वर्षी एप्रिलच्या सभेत त्यांना कायम करायचं की जागा दुसऱ्या कुणाला द्यायची, हे ठरायचं होतं. ठरवणार संस्थेचे अध्यक्ष. त्यांची भाताची गिरणी होती, गाव त्यांना शेठ म्हणत असे. बाकीचे सदस्य सभेला येत आणि शेठ बोलल्यावर मान हलवत. मंडळाला सभागृह फुकट मिळे तेही शेठच्या शब्दावर. पहिल्या रांगेत हातांची एकच खुर्ची असे, ती त्यांची.

एरवी डबे आदल्या दिवशी येत आणि बाई एकदा चित्रपट पाहून घेत. ब्राझीलचे डबे रविवारी दुपारी, लोक आत बसल्यावर आले. चिटणिसांनी ते स्टेशनावरून सायकलवर आणले, हाताला चटका बसेल इतके तापले होते.

"बाई, न पाहता जमेल?"

"जमवते. फार भरभर बोलले तर एखादं सुटेल."

खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या होत्या. तरी कडेकडेनं ऊन आत येत होतं.

गोष्ट एका बंदराच्या शहरातली. सुरुवातीलाच सराफाच्या दुकानावर दरोडा पडतो, पहारेकरी मरतो, पोलिसांच्या गाड्या, छपरांवरून पळापळ. सभागृह पुढे सरकून बसलं. निवृत्त पोलीस जमादार होते आमच्यात, ते दर थोड्या वेळानं "चुकला, आता चुकला" म्हणत होते. मग चोरांपैकी एक, पायात गोळी घुसलेला, डोंगरउतारावरच्या वस्तीत एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या खोलीत शिरतो आणि चित्रपट चोरी विसरून जातो. ती त्याची जखम धुते. घेवडा शिजत घालते. तो खिडकीआडून रस्ता बघतो, ती मशीन चालवते. शेजारी कुणीतरी गिटार वाजवतं. हे बराच वेळ चालतं.

मागून गार्डाचा आवाज आला, "चिटणीस, डबे बदलले काय हो? ही दुसरीच फिल्म लागलीय."

"तीच आहे. बसा."

"मग दरोडा कुठं गेला?"

"येईल."

"गप रं मेल्या," एका सभासदाची आई म्हणाली. नदीपलीकडच्या गावातली भातशेती करणारी बाई, लेकाबरोबर दर खेळाला येई. "आता कुटं बरा चाललाय तं!"

दरोडा आला नाही. त्या दोघांचं जमलं. शिंपीण पेटीतून निळं कापड काढते, त्याला उभा करून माप घेते, सदरा शिवते. तेवढ्या वेळात एक अक्षर खाली येत नाही. बाई माइकपुढे गप्प बसून होत्या आणि सभागृह कापडावरून फिरणारी कात्री पाहत होतं. मधे पोलीस येऊन जातात. माहिती मिळाली तर कळव म्हणून सांगतात, आणि चोर पकडून देणाऱ्याला घर मिळेल असंही.

शेवटी तो बोटीनं पळून जायला निघतो. ती त्याला निरोप देते आणि एकटी समुद्रकाठानं परत येते. टळटळीत दुपार, पांढरी वाळू, वाळूच्या कडेला टेलिफोनचा खोका. ती आत जाते, फोन उचलते, काहीतरी बोलते, फोन ठेवते आणि चालायला लागते. चित्रपट संपतो.

ती फोनवर बोलली तेव्हा अक्षरं आली होती. पांढऱ्या वाळूवर पांढरी अक्षरं, तीही चुन्याच्या भिंतीवर, घोंगडीच्या फटीतून ऊन येत असताना. मी बाईंच्या टेबलाशेजारी बसलो होतो. मला एक अक्षर दिसलं नाही.

बाई काही बोलल्या नाहीत. सभागृहातून ओरड सुरू झाली.

"बाई, काय म्हणाली?"

"सांगा की!"

"आगं बोल गं बाय, काय म्हनली ती?"

शिंपीण पाठमोरी वाळूतून चालली होती. बाई माइकजवळ वाकल्या आणि त्याच हजेरीच्या आवाजात म्हणाल्या, "ती म्हणते, तुम्ही विचारता त्या माणसाला मी ओळखत नाही."

सभागृहात टाळ्या पडल्या. परदेशी चित्रपटाला टाळ्या पडल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

दिवे लागले. मतांना सुरुवात झाली ती जमादारांपासून. "तिथले पोलीस आळशी. खोलीची झडती घेतली असती तर पहिल्या तासात खेळ खलास." हशा झाला. गार्ड म्हणाला, "अर्धी फोटोग्राफी चांगली." बँकेतले एक गृहस्थ म्हणाले की ही धड चोरीची गोष्ट नाही, धड प्रेमाची नाही, दिग्दर्शकाला आधी ठरवायला हवं होतं. त्यावर नदीपलीकडची बाई उठली. ती बोलली चित्रपटाबद्दल, पण बघत होती टेबलाकडे.

"बरा केलास गं बाय. आपल्या हातचा जेवला तो मानूस. त्याला कसा धरून द्याचा? त्यानं चोरी केली आसंल, पन तुज्या घरातला काय नेला? काय नाय."

पुन्हा हशा. बाईही हसल्या. मग शेठ उठले. ते एरवी बसूनच बोलत.

"बाई, हे वाक्य तिथं लिहिलेलं होतं?"

"मला तसं वाटलं."

"वाटलं म्हणजे? होतं का लिहिलेलं?"

"मला तर काहीच दिसलं नाही बुवा," जमादार म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं, त्यांना ते डोळ्यांचं दुखणं वाटलं होतं.

बाई माइकची वायर गुंडाळू लागल्या. "माझं मत लिहून घ्या," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "माणूस मारणाऱ्या टोळीतल्या चोराला पाठीशी घालणाऱ्या बाईची गोष्ट. आणि ती आमच्या शाळेच्या माइकवरून. मागे नववीच्या मुली बसल्यात."

"शेठ, चहा," चिटणीस म्हणाले.

शेठनी चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मतं बदलायला लागली. अक्षरं दिसलीच नव्हती, हे बाजारपेठेत पसरलं आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांना आपण कशासाठी वाजवल्या ते कळेना. बँकेतले गृहस्थ सकाळी येऊन म्हणाले, माझं मत घालू नका. संध्याकाळी म्हणाले, घाला, पण नाव नको. जमादार शपथेवर सांगायला लागले की तिनं पोलिसांनाच कळवलं असणार. "फोन धरायची तऱ्हा बघितलीत ना? खबऱ्या असाच धरतो." गार्डानं तर मधला भागच नाकारला. डबे खरोखर दुसऱ्या चित्रपटाचे होते, या मतावर तो पुन्हा गेला. आपण काय पाहिलं, याबद्दल कर्जतमधल्या दोन माणसांचं एकमेकांशी जुळत नव्हतं.

शेठ माझ्याकडे आले ते गिरणीतून थेट, अंगावर कोंडा तसाच.

"बातमी गेली का?"

"नाही अजून."

"का?"

"शेवटचं वाक्य नक्की झालं नाही. नक्की झाल्याशिवाय देता येत नाही."

"वाक्याचं राहू द्या. माझं मत द्या, नावासकट. संस्थेचे अध्यक्ष म्हणून."

मी म्हणालो, "तुमचं मत त्या वाक्याबद्दलच आहे." ते त्यांना पटलं नाही, पण खोडताही येईना. छापून आलं असतं तर एप्रिलच्या सभेत त्यांना माघार घेता आली नसती, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असावं, नाहीतर त्यांनी आणखी जोर धरला असता. जाताना म्हणाले, "डबे आता कुठायत?"

डबे खोपोलीला होते. पुढच्या रविवारी तिथल्या एका कारखान्याच्या करमणूक सभागृहात तोच खेळ होता. त्यांच्याकडे वाचणारं कुणी नव्हतं. बाईंनी हे काम आधीच कबूल केलेलं होतं.

बाई आल्या त्या शाळा सुटल्यावर. बसल्या नाहीत.

"बातमीत ते वाक्य देणार आहात?"

"चित्रपटात असेल तर देईन."

"नसेल तर?"

"नसेल तर जे असेल ते देईन."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मग दाराशी जाऊन, "शेठ रोज मुख्याध्यापकांना विचारतात, बाई वर्गात काय शिकवतात म्हणून. काल माझ्या वर्गाबाहेर उभे होते. मी व्याकरण शिकवत होते."

चिटणिसांची अवस्था बाईंपेक्षा वाईट होती, निदान दिसायला. मंडळ त्यांनी उभं केलं होतं. ते रोज संध्याकाळी भिवपुरीहून येऊन कर्जत स्टेशनावर बाईंची गाडी सुटेपर्यंत त्यांच्याशी बोलत उभे राहत. एकदा मीही होतो.

"खोपोलीला तेच सांगा," ते म्हणाले. "दोन ठिकाणी एकच वाक्य आलं की ते चित्रपटाचं झालं. तुम्ही फक्त वाचणाऱ्या. तुमच्यावर काही राहत नाही."

"आणि अक्षरं वेगळी असली तर?"

"कोण वाचतंय? शेठ जुने मॅट्रिक आहेत. त्यांचं पहिलं अक्षर लावून होईतो चित्र पुढं गेलेलं असतं."

"हे वाचतील," बाई माझ्याकडे हात करून म्हणाल्या.

"यांचं मी बघतो."

"यांचं काय बघणार तुम्ही?"

चिटणीस माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, नोकरी आहे. हट्ट करायचा प्रसंग नाही हा."

गाडी आली. बाई बायकांच्या डब्यात चढल्या.

खोपोलीला कर्जतहून आठ-दहा माणसं गेली. तोच चित्रपट दुसऱ्यांदा बघायला माणसं गाडीखर्च करून जातात, हेही पहिल्यांदाच घडत होतं. नदीपलीकडची बाई लेकाला न सांगता एकटी आली होती. शेठ जीप घेऊन आले.

कारखान्याचं सभागृह नीट होतं. जाड काळे पडदे, भिंतीपासून सुटा ताणलेला कापडी पडदा, वर पंखे. बाईंना व्यासपीठाच्या डावीकडे टेबल दिलं होतं. शेठनी पहिल्या रांगेतली मानाची खुर्ची नाकारली आणि पडद्याच्या अगदी जवळ, उजव्या अंगाला स्टुलावर जाऊन बसले. खिशातून चष्मा काढून पुसला. चिटणिसांनी ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

दरोडा झाला, पळापळ झाली. खोपोलीचे लोकही मधे चुळबुळले. कुणीतरी "गाणं हाय का पुढं?" असं विचारलं आणि कुणीतरी "बायको हाय घरी, लवकर आटपा" म्हणालं. कर्जतहून आलेली आम्ही माणसं मात्र शांत नव्हतो आणि बोलतही नव्हतो. जमादार दर दृश्याला माझ्या गुडघ्यावर हात ठेवत. सदरा शिवून झाला. तो त्यानं घातला, तिनं कॉलर सरळ केली. बोटीचा भोंगा वाजला.

मग वाळू आली.

पांढऱ्यावर पांढरं तिथंही होतंच. पण अक्षरांना बारीक काळी कड होती, ती चुन्याच्या भिंतीवर विरून गेली होती. कापडी पडद्यावर ती कड दिसली आणि तिच्या आधारानं अक्षरं लागली. मी वाचली. बाईंनी वाचली, कारण त्यांचा हात माइकच्या दांडीवर होता तो खाली आला. शेठ स्टुलावरून अर्धवट उठले होते.

शिंपीण फोन ठेवून चालायला लागली तरी बाई गप्प होत्या. खोपोलीचे लोक ओरडणार होते, तेवढ्यात त्या बोलल्या.

"ती पोलिसांना सांगते, तो बोटीवर आहे. निळा सदरा घातलाय. सदरा मी शिवलाय."

चित्र संपलं, भिंतीकडचा एक दिवा लागला. बाईंनी माइक सोडला नाही. "कर्जतच्या लोकांसाठी सांगते. तिथं मी दुसरं वाक्य सांगितलं होतं. तिथं अक्षरं दिसली नव्हती. ते वाक्य माझं होतं."

खोपोलीच्या लोकांना यातलं काहीच कळलं नाही. ते चपला शोधत होते. मागून एकच आवाज आला, नदीपलीकडच्या बाईचा.

"आगं, मंग तुजाच ऱ्हाव दे की! हिचा कशाला सांगितलास?"

खोपोलीत मतांची सक्ती नव्हती, तरी दाराशी माणसं बोलत उभी राहिली. एक कामगार म्हणाला, घरासाठी केलं तिनं, भाड्याच्या खोलीत राहून बघा म्हणजे कळेल. दुसरा म्हणाला, नाही रं, प्रेम होतं म्हणून तर सदऱ्याचं बोलली, नाहीतर रंग सांगून फोन ठेवला असता. जमादार "मी म्हणालो होतो" असं प्रत्येकाला सांगत होते, पण विजय झाल्यासारखे दिसत नव्हते. शेठ जीपजवळ उभे होते. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं. चित्रपट त्यांच्या बाजूनं निघाला होता आणि बाईंनी ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. गाडीला अजून वेळ होता. "बसा," ते आम्हाला म्हणाले. "कर्जतला सोडतो."

बाई, चिटणीस, मी आणि नदीपलीकडची बाई, असे चौघं बसलो. शिळफाट्याला शेठनी जीप बाजूला घेतली आणि चहा सांगितला. घाट चढणारे ट्रक समोरून जात होते, त्यांचा आवाज कमी होईपर्यंत प्रत्येक वेळी थांबावं लागे.

चिटणिसांना राहवलं नाही. "शेठ, मत?"

"कायद्यानं बरोबर केलं तिनं," शेठ म्हणाले.

"हो."

"माणूस मेलाय. पहारेकरी. त्यालाही बायकापोरं असतील." त्यांनी बशीत चहा ओतला, प्यायला नाही. "पण सदरा कशाला सांगायचा?"

नदीपलीकडच्या बाईनं मान वर केली.

"बोटीवर आहे, एवढं सांगायचं. बोट तपासायला काय झालं पोलिसांना? करतील तपास, त्यांचं कामच आहे. हातानं शिवलेला सदरा कशाला सांगायचा? सांगितला तो सांगितला, वर मी शिवलाय म्हणून कशाला?"

"म्हंजी शेठ, तुमी आमच्याच बाजूचं."

"मी कायद्याच्या बाजूचा आहे."

"मंग सदऱ्याचा काय?"

"तू चहा पी गं."

एक ट्रक गेला. शेठ बाईंकडे वळले. "कर्जतला अक्षरं दिसली असती तर काय सांगितलं असतं?"

"हेच. आज सांगितलं ते."

"आवडलं असतं?"

"नाही."

"मग न दिसल्यावर मनचं सांगायचं?"

"लोक ओरडत होते. गप्प बसता आलं नाही."

"दिसत नाही, एवढं म्हणता आलं असतं."

"आलं असतं," बाई म्हणाल्या.

चिटणिसांनी कप खाली ठेवला. बाई आणखी काही बोलतील, माफी मागतील, अशी वाट त्यांच्याबरोबर शेठही पाहत होते. बाईंनी चहा संपवला. पुढे पळसदरी येईतो शेठ दोनदा म्हणाले, "हातचा सदरा." दुसऱ्या वेळी ते कुणाला उद्देशून नव्हतं.

मी बातमी पाठवली. बारा ओळी. शेवटचं वाक्य चित्रपटात होतं तसं दिलं, आणि कर्जतच्या खेळात ते दिसू शकलं नव्हतं, हेही दिलं. शेठचं मत मी विचारायला गेलो तर ते म्हणाले, "अजून ठरत नाहीये. तुम्ही छापा तुमचं." त्यामुळे त्यांचं मत आलं नाही.

एप्रिलच्या सभेची बातमी अशी नसतेच, पण सभेत काय झालं ते मुख्याध्यापकांकडून संध्याकाळपर्यंत गावात पोचलं. बाईंचा विषय निघाल्यावर एका सदस्यानं चित्रपटाचं काढलं. तो सदस्य शेठना खूश करायला बोलत होता. शेठनी त्याला थांबवलं. म्हणाले, बाईंना दिसलं नाही, दिसलं तेव्हा त्यांनी चारचौघांत सांगितलं, विषय संपला. कायम करा. सगळ्यांनी मान हलवली. मग त्याच दमात ते म्हणाले की ज्या भिंतीवर धड दिसत नाही तिच्यावर शाळेत काही दाखवू नये. सभागृह यापुढे मंडळाला द्यायचं नाही. तिथंही सगळ्यांनी मान हलवली.

चिटणीस शेठना भेटायला गेले. पडदा विकत घेतो म्हणाले, खिडक्यांना काळं कापड लावतो म्हणाले. शेठ शांतपणे ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तुमच्या त्या फिल्मनं मला आठवडाभर झोप नाही. नववीच्या पोरींना कशाला?"

मे महिन्याच्या सुरुवातीला मी स्टेशनावर उभा असताना चिटणीस भिवपुरीच्या गाडीतून उतरले. बाई शेलूला जायला त्याच फलाटावर होत्या. आदेशाचा कागद त्यांना त्या दिवशी मिळाला होता.

"अभिनंदन," चिटणीस म्हणाले. त्यांना मनापासून म्हणायचं होतं, पण नीट जमलं नाही. "बाई कायम झाल्या, मंडळ हंगामी झालं."

"पुढचे डबे कधी येतायत?"

"येतायत जूनमध्ये. चेकोस्लोव्हाकियाचा आहे. परत पाठवायला सांगणार आहे. दाखवू कुठं?"

"तुमच्या क्लबात दाखवा. भिवपुरीला."

"तिथं जागा आहे. पण तिथं वाचणार कोण? वसाहतीतल्यांना हिंदी सिनेमा पुरतो."

"मी येईन."

चिटणिसांनी आजूबाजूला बघितलं. फलाटावर ओळखीचं कुणी नव्हतं. "शेठ काय म्हणतील?"

"शाळेत दाखवू नका म्हणालेत. भिवपुरीचं काही म्हणाले नाहीत."

"विचारलंत का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आणि तुम्हीही विचारू नका. डबे आधी मला दाखवा म्हणजे झालं."